बहात्तर सालची कोरी चिठ्ठी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी या वाचनालयात एक पद्धत पाडली होती. तुमच्यापैकी साठीच्या पुढच्या मंडळींना ती आठवत असेल. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सर प्रत्येक वाचकाच्या हातात वहीच्या पानाची एक चिठ्ठी द्यायचे. चिठ्ठीवर चार रकाने असायचे: सिनेमा-नाटक, चित्र, गाणं-वाजवणं आणि पुस्तक. सरत्या वर्षातलं आपल्याला सगळ्यांत आवडलेलं जे असेल ते एकेका रकान्यात लिहायचं. जानेवारीच्या पहिल्या रविवारी सर त्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचून दाखवत. कुणी काय लिहिलं यावर ते कधी हसले नाहीत आणि दुसऱ्या कुणाला हसूही दिलं नाही.

१९७२ च्या डिसेंबरात मी दिलेल्या चिठ्ठीवर एकच शब्द होता, ‘पिंजरा’. उरलेले तीन रकाने कोरे होते. आज मी ते तीन रकाने भरायला आलो आहे. एवढाच माझ्या व्याख्यानाचा विषय.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. बी. ए.चं शेवटचं वर्ष अर्धवट टाकून गावी आलो होतो, कारण घरात दाणा नव्हता. बहात्तरच्या त्या दुष्काळाबद्दल तुम्हाला मी वेगळं काय सांगणार? अमेरिकेहून आलेला लाल मिलो आपण सगळ्यांनीच खाल्ला. सुकडीची चव ज्याच्या जिभेवर आहे त्याला बाकी काही सांगावं लागत नाही. पुढे १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं राबत होती. त्यांतल्या चारेकशे माणसांची हजेरी मी घेत होतो. पाझर तलावाच्या कामावर मी मस्टर कारकून होतो. शिकलेला म्हणून माझ्या हातात पेन आलं आणि माझ्या बरोबरीच्या मुलांच्या हातात पाटी आली. याची टोचणी मला तेव्हाही होती आणि आजही आहे.

‘पिंजरा’ मी तंबूत पाहिला. त्याचे दिग्दर्शक शांतारामबापू यांनी १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्यासाठी पार जर्मनीपर्यंत धडपड केली होती, तरी १९७२ साली मराठी पडद्यावर रंग दुर्मीळच होता. वर्षभर मातीशिवाय दुसरा रंग न पाहिलेल्या माणसांच्या पुढ्यात अचानक नायिका संध्याबाईंचं ते लुगडं आलं. तंबूत एक आवाज उठला. टाळी नव्हे, शिट्टी नव्हे. तहानलेल्या माणसानं पाणी पाहिल्यावर घशातून निघतो तसा. राम कदमांचं संगीत, खेबुडकरांचे शब्द आणि उषा मंगेशकरांचा गळा यांची थोरवी नंतर समजली. त्या रात्री समजला तो डॉक्टर लागूंचा चेहरा. दोनच वर्षांपूर्वी ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणलेला हा नट सिनेमात एका खेडेगावचा मास्तर झाला होता. सगळं गाव ज्याला देवमाणूस मानतं असा मास्तर. तमाशातल्या बाईपायी तो घसरतो, मेलेल्या दुसऱ्याच माणसाला गाव आपला मास्तर समजतं आणि त्याचा पुतळा उभारतं. मग जिवंत मास्तर स्वतःच्याच खुनाचा आरोपी म्हणून उभा राहतो.

सर माझ्या शेजारी बसले होते. सर स्वतः मास्तर. तंबूतून बाहेर पडल्यावर एसटी स्टँडपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. तिथे पोचल्यावर म्हणाले, “माझा पुतळा करू नका रे बाबांनो.” तो आपण केला नाही. व्याख्यानमाला सुरू केली. मला वाटतं, एवढं त्यांना चाललं असतं.

मूळ जर्मन कादंबरी, तिच्यावरचा ‘ब्लू एंजल’ हा सिनेमा आणि मग आपला ‘पिंजरा’ ही वंशावळ मी पुढे वाचली. ती वाचून माझं ‘पिंजरा’वरचं प्रेम तसूभरही कमी झालं नाही. पण सिनेमाच्या रकान्याबद्दल मला आज आणखी काही सांगायचं आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘पाकीझा’ लागला होता आणि तो मी पाहिला तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. कमाल अमरोहींनी हा सिनेमा पन्नाशीच्या दशकात सुरू केला होता. तो पडद्यावर आला तोपर्यंत त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद जाऊन चार वर्षं झाली होती. ज्यांनी त्याचे रंग आणि सावल्या टिपल्या ते जर्मन कॅमेरामन जोसेफ विर्शिंग त्यांच्याही आधी गेले होते. सिनेमा लागल्यावर दोन महिन्यांच्या आत, ३१ मार्चला मीनाकुमारी गेल्या. एका दृश्यात तरुण दिसणारा चेहरा दुसऱ्या दृश्यात थकलेला दिसतो आणि कथेत मात्र त्या दोन्हींमध्ये फारसा काळ गेलेला नसतो. मग या सिनेमाचं साल कोणतं मानायचं? ज्या वर्षी गाणी बांधली ते, की ज्या वर्षी तिकीट फाटलं ते?

हा प्रश्न त्या वर्षी इतरांनाही छळत होता, हे मला फार पुढे उमगलं. फिल्मफेअरनं त्या वर्षाच्या संगीताचा पुरस्कार ‘बेईमान’ला दिला. त्याच ‘बेईमान’साठी प्राण यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला होता. तो त्यांनी नाकारला. ‘पाकीझा’च्या गुलाम मोहम्मदांना डावललं म्हणून. हा माणूस पडद्यावर वर्षानुवर्षं दुष्ट माणसं रंगवत आला आणि एका मेलेल्या संगीतकारासाठी आपल्या हातातली पुरस्काराची बाहुली सोडून बसला. आपल्याच सिनेमाला मिळालेल्या पुरस्काराविरुद्ध बोलायला छाती लागते.

त्याच वर्षीच्या पुस्तकाबाबत दुसरी गोष्ट घडली. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘काजळमाया’वर साल छापलेलं आहे १९७२. साहित्य अकादमीनं त्याला १९७३ चा पुरस्कार दिला. मग पुस्तक नेमकं केव्हा प्रकाशित झालं, ते नियमात बसतं की नाही, यावर वाद निघाला. आणि धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या, सभा-समारंभांपासून सदैव दूर राहणाऱ्या जी.एं.नी तो पुरस्कार परत करून टाकला. त्यांनी त्यावर आरडाओरडा केला नाही. पुस्तकाच्या तारखेचा प्रश्न इतरांना महत्त्वाचा वाटत असेल तर पुरस्कार तुमच्याकडे राहू द्या, असा तो सरळ हिशेब होता.

‘काजळमाया’ मी वाचलं ते चोविसाव्या वर्षी आणि मला त्या पुस्तकाचा राग आला. हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करतो. दुष्काळ संपला होता, पण माझ्या डोक्यातून गेला नव्हता. माणसं का भुकेली राहिली याला जबाबदार कोण, हे मला नावानिशी हवं होतं. आणि जी.ए. तर कुणाचंच नाव घेत नाहीत. त्यांची माणसं चालत राहतात आणि जे टाळायला निघाली त्याच्याच दारात जाऊन उभी राहतात. पाऊस, सरकार, सावकार असा कुणीच तिथे दोषी नाही. मी पुस्तक अर्ध्यावर परत केलं. सर म्हणाले, “ठीक आहे. ते थांबेल.” वडील गेले तेव्हा मी ते पुन्हा मागून नेलं. हॉस्पिटलच्या बाकावर अकरा रात्री काढल्यावर आपण ज्याला जबाबदार धरावं असं कुणीच उरत नाही, तेव्हा काय करायचं असतं ते जी.एं.ना ठाऊक होतं. मराठीत इतकं कठोर सांत्वन मला दुसरीकडे कुठेही मिळालेलं नाही.

तरीही माझ्या चिठ्ठीतल्या पुस्तकाच्या रकान्यात मी ‘काजळमाया’ लिहिणार नाही.

ती कोरी चिठ्ठी वाचून दाखवली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात कामावर एक सायकलवाला आला आणि सरांनी दिलेलं पुडकं माझ्या हाती ठेवून गेला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लहानसं पुस्तक. नामदेव ढसाळ, ‘गोलपिठा’. नाव माझ्या कानावर होतं. १९७२ सालीच ढसाळ आणि त्यांच्या साथीदारांनी दलित पँथर स्थापन केली होती. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी ‘साधना’च्या विशेषांकात राजा ढालेंनी जो लेख लिहिला त्यावरून वाचनालयात झालेलं भांडण मी ऐकलं होतं. तो अंक टेबलावरून काढून टाका, असं काहीजण म्हणत होते. सरांनी तो काढला नाही.

दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली बसून मी ‘गोलपिठा’ उघडला आणि मला तो वाचता येईना. मराठीचा विद्यार्थी मी, पहिल्या वर्गात येणारा. ओळीओळीला ठेचकाळत होतो. मुंबईच्या गोलपिठा या वस्तीतले शब्द मला माहीत नव्हते आणि जे माहीत होते ते छापलेले मी कधी पाहिले नव्हते. मग प्रस्तावनेकडे वळलो. ती विजय तेंडुलकरांची. तेंडुलकरांनाही शब्द अडले होते. त्यांनी ढसाळांना अर्थ विचारले होते आणि त्यांच्याबरोबर त्या वस्तीत हिंडूनही आले होते. ते वाचून मला धीर आला. एवढा मोठा लेखक तेवीस वर्षांच्या टॅक्सी ड्रायव्हरला ‘हा शब्द मला समजावून सांग’ म्हणतो आणि ते लपवत नाही, मग मी कशाला लाजू?

पण लाजलो. तेच सांगायचं आहे. आमच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका होत्या. बोटं वाचावीत म्हणून त्या टायरच्या रबराचे तुकडे बोटांत घालायच्या. त्यांतली एक माझ्या आईच्या वयाची. गावात तिचं घर वेशीबाहेर होतं आणि कामावरही तिचा माठ वेगळा होता. दुष्काळ सगळ्यांना सारखा होता असं म्हणणाऱ्यांनी तो माठ पाहिलेला नसतो. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “इतका टक लावून काय वाचतोस रं, मास्तर? आमाला बी वाच की.” मी म्हणालो, “मावशी, तुमच्या कामाचं नाही ते.” ती हसली आणि गेली.

तिच्याच कामाचं होतं ते. माझ्याहून तिच्या कामाचं. त्यातल्या शिव्यांनी तिला काही झालं नसतं, तसल्या शिव्या ती मुकादमाकडून रोज ऐकत होती. त्या कवितेत पहिल्यांदाच कुणीतरी त्या शिव्या झेलणाऱ्याच्या तोंडून जगाला जाब विचारला होता. मी तिला तो ऐकू दिला नाही. माझ्या जिभेवर तेव्हा माझी जात बसली होती. पुढे शिक्षक झाल्यावर तीस वर्षांत ‘गोलपिठा’तल्या कविता मी अनेकदा मोठ्यानं वाचल्या. याच सभागृहात वाचल्या. दर वेळी मला पहिल्या रांगेत ती बाई दिसते, आणि दर वेळी मला उशीर झालेला असतो.

जी.ए. आणि ढसाळ एकाच वर्षाच्या पुस्तकांत शेजारी बसलेत, याचं मला अजून नवल वाटतं. एक म्हणतो, दुःखाला कर्ता नाही. दुसरा कर्त्याचा पत्ता देतो, घर नंबरासकट. माझ्या मनात या दोघांचं भांडण पन्नास वर्षं चालू आहे आणि ते मला मिटवायचं नाही. पण चिठ्ठीवर एकच नाव लिहायचं म्हटलं तर मी ‘गोलपिठा’ लिहीन. त्या पुस्तकाचं मी देणं लागतो.

आता गाणं-वाजवणं. इथे मला दोन ठिकाणं जोडून सांगायची आहेत, पुणे आणि न्यूयॉर्क.

१६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. पीडीए या नाट्यसंस्थेच्या या नाटकाचे एकोणीस प्रयोग झाले आणि संस्थेनंच ते थांबवलं. मग त्यातल्या तरुण कलाकारांनी थिएटर अकादमी काढली आणि १९७४ साली नाटक पुन्हा उभं केलं. मी पाहिलं ते त्यानंतर, पुण्यात, पाठीमागच्या रांगेत उभं राहून. नाना फडणविसांची बदनामी झाली, ब्राह्मणांची बदनामी झाली, हे सगळं वर्तमानपत्रांतून वाचून मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. पण पडदा उघडला आणि ओळीनं उभे असलेले ते ब्राह्मण डोलायला लागले. गणपती नाचला. माझा पाय ठेका धरायला लागला. थोड्या वेळानं त्याच ओळीनं पाठ फिरवली आणि तिची भिंत झाली. भिंतीपलीकडे काय चाललं आहे हे प्रेक्षकाला माहीत, भिंतीला माहीत, आणि भिंत गात राहते. कीर्तनात लावणी मिसळते आणि पुन्हा कीर्तन सुरू होतं. आपली मुलगी नानाला देऊन घाशीराम कोतवाली मिळवतो तोपर्यंत माझा पाय ठेका धरूनच होता. तो थांबला तेव्हा मला स्वतःची भीती वाटली. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, मोहन आगाशेंचा नाना, कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेली ती पावलं, सगळं मानतो मी. पण मला पकडलं ते भास्कर चंदावरकरांच्या संगीतानं. नाटकातलं संगीत प्रेक्षकाला गुन्ह्यात सामील करून घेऊ शकतं, हे मला तिथे कळलं.

हे चंदावरकर सतारीत पंडित रविशंकरांचे शिष्य. आणि ‘घाशीराम’च्या पहिल्या प्रयोगाच्या दोन महिने आधी, ८ ऑक्टोबर १९७२ ला, रविशंकर न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये अली अकबर खाँ यांच्याबरोबर बसले होते. तबल्यावर अल्लारखाँ. महिनाभरापूर्वी, ६ सप्टेंबरला, मैहरमध्ये बाबा अल्लाउद्दीन खाँ गेले होते. अली अकबरांचे ते वडील, रविशंकरांचे गुरू. ती मैफल बाबांना वाहिलेली होती. पुढल्या वर्षी बीटल्सच्या ॲपल कंपनीनं तिच्या तबकड्या काढल्या. आपल्या गावात त्या कुठून येणार? माझ्या मुलीनं मला त्याची सीडी आणून दिली तेव्हा मी निवृत्तीला आलो होतो.

सुरुवात हेमबिहागनं होते. हा राग बाबांनीच घडवलेला. मुलगा आणि शिष्य बापाच्या रागातच बापाला निरोप देतात. मी शास्त्र शिकलेला माणूस नाही, ऐकून ऐकून जे समजलं ते सांगतो. सतारीची मींड तार ओढून काढतात आणि सरोदची मींड पोलादी पट्टीवर नख घसरवून. एकात दुःख ताणलं जातं, दुसऱ्यात ते घरंगळतं. दोघंही एकमेकांना पूर्ण बोलू देतात. एकानं सुरावट अर्धी ठेवली की दुसरा ती उचलायची घाई करत नाही. मग मांजखमाज, जो तबकडीच्या एका बाजूत मावला नाही, आणि शेवटी सिंधी भैरवी. दुसऱ्याच दिवशी मी ती सीडी पुन्हा लावली आणि मला त्यात तिसरं कुणीतरी नसल्याचं जाणवायला लागलं. बाबांची मुलगी अन्नपूर्णादेवी. तेव्हा त्या मुंबईत होत्या आणि लोकांसमोर वाजवणं त्यांनी कधीच सोडलं होतं. त्या महिन्यात बंद दारामागे त्यांनी काय वाजवलं असेल ते कुणाच्याच तबकडीत नाही. माझ्या रकान्यात न्यूयॉर्कची मैफल आहे. तिच्या शेजारी थोडी जागा मी रिकामी ठेवतो.

राहिला चित्राचा रकाना. हा आपल्या गावात सगळ्यांचाच कोरा असायचा. फार तर कुणी कॅलेंडरवरच्या लक्ष्मीचं नाव लिहायचा आणि सर तेही गंभीरपणे वाचायचे. चित्रकार भूपेन खख्खर यांना ते आवडलं असतं, कारण त्यांनी कॅलेंडरांकडे आणि दुकानांच्या पाट्यांकडे चित्रकाराच्या नजरेनं पाहिलं. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेला हा माणूस. खेतवाडीपासून गोलपिठा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पेशानं हिशेबनीस. बडोद्याला जाऊन राहिला, कारखान्याचे हिशेब लिहून पोट भरलं आणि उरलेल्या वेळात चित्रं काढली. १९७२ साली त्यांनी ‘डीलक्स टेलर्स’ काढलं आणि ‘जनता वॉच रिपेअरिंग’ काढलं. शिंपी आणि घड्याळवाला. मी ही चित्रं छापील पुस्तकातच पाहिली आहेत, मूळ चित्रांसमोर उभं राहायचा योग आला नाही.

पण ‘जनता वॉच रिपेअरिंग’चं पान उघडलं आणि मी उठून दिवा लावला. आपल्या स्टँडसमोरचं घड्याळाचं दुकान तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. एक माणूस बसेल एवढीच जागा आणि माणसापेक्षा मोठी पाटी. सरांची एचएमटी तिथेच दुरुस्त व्हायची. सर तिथे तासतास बसत. त्या दुकानदाराच्या चेहऱ्याकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. आपण सगळे त्याच्या हातांकडे बघत उभे राहायचो. खख्खरांनी त्याला समोर बसवलं, त्याची गरिबी रंगवून सांगितली नाही, त्याला हुतात्मा केलं नाही. ज्या आदरानं जुन्या काळी संस्थानिकांची तसबीर काढत, तशी त्याची तसबीर काढली. दुष्काळाच्या वर्षात माझ्याकडे चारशे माणसांची नावं होती, अंगठे होते. चेहरे मी पाहिले नव्हते. ते चित्र तेव्हा माझ्यासमोर असतं तर कदाचित मस्टरवरून नजर वर उचलली असती.

तर सर, चिठ्ठी भरली. सिनेमात ‘पिंजरा’, तो मी बदलत नाही. चित्रात घड्याळवाला. वाजवण्यात न्यूयॉर्कचा हेमबिहाग. पुस्तकात ‘गोलपिठा’.

या व्याख्यानाची तयारी करताना परवा ग्रंथपालांकडे मी जुनं दाखल रजिस्टर मागितलं. सरांच्या अक्षरातलं. दाखल क्रमांक, तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत, शेरा. प्रकाशनाच्या सालाला सरांनी रकानाच ठेवलेला नाही. पुस्तक या दारातून आत आलं ती तारीख, एवढीच. ‘काजळमाया’ मला १९७४ च्या पानावर सापडलं. ‘गोलपिठा’ जानेवारी १९७३ मध्ये दाखल झालेला आहे. माझ्याकडे पुडकं आलं त्याच्या आदल्या दिवशी. सरांनी तो माझ्यासाठीच विकत घेतला होता, हे मला परवा कळलं. मी तो कधीच परत केला नाही. दर वर्षी पुस्तकांची मोजणी होते, हरवलेल्या पुस्तकांसमोर ‘गहाळ’ असा शेरा पडतो. त्या पानावर तसे चार-पाच शेरे आहेत. ‘गोलपिठा’समोर सरांनी लाल शाईनं लिहिलंय, ‘वाचकाकडे’.